ही कॉफी घेत नाही

हैदराबादची नोकरी गेली आणि मी परभणीला दादाकडे राहायला आले. त्या पहिल्या वर्षात मला सगळ्यात जास्त आठवण यायची ती कॉफीची. घरात हे कुणाला सांगितलं नाही. नोकरी गेलेल्या, तिशी ओलांडलेल्या, लग्न न झालेल्या बाईनं कॉफीवाचून अडतंय असं म्हणू नये, एवढी समज मला होती.

वडील वालूरला किराणा दुकान सांभाळत एकटेच राहायचे. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. परभणीत दादाचं खता-बियाणांचं दुकान, वहिनी, त्यांची शाळेत जाणारी मुलगी आणि गच्चीवरच्या खोलीत मी. बियाणं तपासणाऱ्या एका खाजगी प्रयोगशाळेत मला काम मिळालं. सोयाबीनचे दाणे ओल्या कागदात गुंडाळून ठेवायचे आणि किती उगवले ते बघायचं. संध्याकाळी सुटी झाली की लगेच घरी जावंसं वाटायचं नाही. मग मी स्कूटी काढून कॉफी शोधत हिंडायचे.

परभणीत कॉफी मागितली की साखर आणि पावडर चमच्यानं फेटून केलेला फेस मिळायचा, वर चॉकलेटची भुकटी. लग्नात मिळते ती कॉफी. आइस्क्रीमच्या दुकानातली कोल्ड कॉफी म्हणजे गार दुधाचं सरबत. कॉलेजच्या बाजूला ‘कॅफे’ अशा पाट्या लागल्या होत्या. आत पडदे लावलेले कप्पे, कप्प्यांत पोरंपोरी. मी एकटी आत गेले तर गल्ल्यावरचा माणूस माझ्या मागं कोण आहे ते बघत राहिला. कुणी नाही म्हटल्यावर मला कुठं बसवावं ते त्याला कळेना. बेकऱ्यांच्या काचेत पेस्ट्र्या मांडलेल्या असायच्या. क्रीमला डालड्याचा वास, खाली कोरडा ठक्क केक, चेरीचा लाल रंग क्रीममध्ये उतरलेला. कधीची आहे विचारलं तर एकानं मला सांगितलं, ताजीच हाय, परवाच आली.

माझ्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यावर पांढरा डाग आहे. हैदराबादला असताना आला. आधी मोहरीएवढा होता, मग ओठाची कड ओलांडून हनुवटीकडे सरकला. पायावर आहे, पाठीवर आहे. दुखत नाही, खाजत नाही, कुणाला लागत नाही. मोठ्या शहरात लोक एकदा बघायचे आणि पुढं जायचे. परभणीत लोक बघायचे, नजर वळवायचे आणि परत बघायचे. हॉटेलात पाण्याचा ग्लास माझ्यापुढं ठेवणारा हात जरा लांबूनच यायचा. त्यामुळं नुसती कॉफी चांगली मिळून भागणार नव्हतं. ती पिताना शेजारच्या टेबलानं माझ्या तोंडाकडं बघू नये, हेही मी शोधत होते.

वसमत रोडच्या एका गल्लीत, घराच्या पुढच्या खोलीत काढलेलं ते दुकान मला वासानं सापडलं. भाजलेल्या लोण्याचा वास आणि त्याखाली कॉफीचा, करपल्यासारखा पण करपलेला नाही असा. आत मोजकी टेबलं, काचेचं कपाट आणि एक बाई. पन्नाशीकडं झुकलेली, ठेंगणी, पदर कमरेला खोचलेला. तिला सगळे अक्का म्हणायचे, मीही म्हणायला लागले. बरीच वर्षं तिनं हैदराबादला सासरी काढली होती. तिथल्या गल्लीत बेकरी होती, तिथं ती शिकली. पितळी फिल्टरमधून थेंब थेंब उतरलेला अर्क, वर उकळतं म्हशीचं दूध. कॉफीच्या बिया दक्षिणेकडून पार्सलनं मागवायची आणि लागतील तेवढ्याच दळायची.

पहिल्याच दिवशी तिनं माझ्याकडं नीट, टक लावून बघितलं आणि विचारलं, “हे जन्मापासूनचं का मागून आलेलं?”

मी म्हटलं, मागून आलेलं. वाढतंय का, तिनं विचारलं. मी म्हटलं, हळूहळू. तिनं मान हलवली आणि कॉफी आणून ठेवली. इतकं सरळ मला डॉक्टर सोडून कुणी विचारलं नव्हतं. मी पहिला घोट घेतला आणि माझे डोळे भरून आले. कॉफी चांगली होती म्हणून की कुणीतरी नजर न वळवता विचारलं म्हणून, ते आता सांगता येत नाही.

पुढं मी रोज जायला लागले. तिचे पफ पहाटे भट्टीतून निघायचे आणि दुसरी खेप दुपारी चारनंतर. उन्हाळ्यात परभणीच्या उकाड्यात पिठातलं लोणी वितळतं, पदर सुटत नाहीत, म्हणून मे महिन्यात ती अंधारातच पीठ लाटून घ्यायची आणि दुपारची खेप बंद ठेवायची. दिलपसंद नावाची एक गोष्ट करायची, दोन पातळ पापुद्र्यांमध्ये गोड खोबरं आणि टुटीफ्रुटी भरलेली, त्रिकोणी तुकडे कापलेली. अर्ध्या गिऱ्हाइकांच्या गळ्यात लिंग असायचं, म्हणून अंडं दुकानात यायचं नाही. आमच्या घरातही दादा सकाळी इष्टलिंगाची पूजा करून, कपाळाला विभूती लावूनच बाहेर पडायचा. त्यामुळं तिथलं खाल्लं म्हणून घरी कुणी बोट ठेवण्यासारखं नव्हतं.

गिऱ्हाईक नसलं की अक्का माझ्यासमोर बसायची. तिची गोष्ट तिनं तुकड्यातुकड्यानं सांगितली. विशीत लग्न झालं. पहिल्याच महिन्यात एका सकाळी नवरा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसलेला तिला दिसला. भिंतीशी बोलत होता आणि मधेच रागानं डोकं आपटत होता. ती किंचाळली. सासू पिठाचे हात घेऊन आली, बघितलं आणि म्हणाली, गोळी चुकली वाटतं. एवढंच. लग्न ठरवणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. तिच्या स्वतःच्या मामालाही. पुढची वर्षं ती त्या गोळ्या देत राहिली, त्याचा मार खात राहिली, आणि तो गेल्यावर परभणीला भावाच्या घरी परत आली. भावानं पुढची खोली दिली. हे सांगताना तिचा आवाज कधी हलला नाही.

आता दादाचं सांगते. दादा वाईट माणूस नाही, असं मी पुष्कळ वर्षं म्हणत आले आहे. त्याला माझं लग्न उरकायचं होतं. स्थळ घरी बोलावलं की शेजारीपाजारी बघतात, आणि नकार आला की गल्लीभर होतं. म्हणून बघण्याचा कार्यक्रम बाहेर करायचा असं त्यानं ठरवलं. आता सगळे करतात. हॉटेलात भेटायचं, काही खायचं, सुटायचं. जागा त्यानं निवडली ती अक्काचीच. मी म्हटलं, दुसरीकडं कुठंही चालेल. तो म्हणाला, “तूच तर म्हणतीस तिथलं सगळं चांगलं असतं.”

डाग झाकायचं काम वहिनीचं. एका पार्लरवालीकडून तिनं शिकून घेतलं होतं. आधी एक मलम, मग कातडीच्या रंगाचे दोन थर, वर पावडर, ओठाच्या कडेपर्यंत गडद लिपस्टिक. आरशात माझं तोंड नीट दिसायचं. फक्त ते ओलं होऊन चालायचं नाही. त्यामुळं वहिनीनं नियम घालून दिले. पफ मागवायचा नाही, त्याचे पापुद्रे ओठाला चिकटतात आणि मग पुसावं लागतं. पेस्ट्री चमच्यानं, ओठ न मिटता, उजव्या बाजूनं खायची आणि अर्धी ठेवायची. कॉफी अजिबात नाही. गरम वाफेनं पहिला थर सुटतो. कुणी आग्रह केलाच तर वहिनी म्हणायची, “ही कॉफी घेत नाही. ॲसिडिटी होते हिला.”

अशी मी अक्काच्या दुकानात बसायचे. गावातली एकमेव चांगली कॉफी चारचौघांपुढं वाफाळत असायची आणि मी हात मांडीवर ठेवून तिच्याकडं बघत असायचे. एका मुलाच्या वडलांनी मला उठून गल्ल्यावरून पाणी आणायला सांगितलं. मी चालते कशी ते बघायचं होतं. एका बाईनं माझा दंड दाबून बघितला, भाजी घेताना बघतात तसा. एका मुलानं सगळ्यांसमोर विचारलं की एवढं वय होईपर्यंत हैदराबादला एकटी राहून काय करत होतीस. दादा त्यावर हसला. त्या वेळी काय बोलायचं ते त्याला सुचलं नसावं, पण तो हसला हे खरं आहे.

अशा दिवशी अक्का ओळख दाखवायची नाही. ट्रे ठेवायची आणि निघून जायची. एकदा दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, काल तू कॉफी कामून मागवली नाहीस. मी तिला रंगाचं सांगितलं. ती टेबल पुसत होती. पुसता पुसता म्हणाली, “मग त्यांला सांगायचं कवा?”

मी म्हटलं, दादा म्हणतो होकार आल्यावर सांगू.

पुसलेलं टेबल तिनं पुन्हा पुसलं.

होकार आले, नाही असं नाही. होकार आल्यावर दादानं फोन करून सांगितलं आणि ते मागं फिरले. एका मुलाच्या काकांनी दादाला फोनवर जे सुनावलं ते मला शेजारच्या खोलीत ऐकू आलं. त्या दिवसापासून दादानं पद्धत बदलली. आता साखरपुडा झाल्यावर सांगायचं. मग काही दिवसांनी म्हणाला, लग्न झाल्यावरच. मी विचारलं, आणि लग्न झाल्यावर टाकून दिलं तर? तो जेवत होता. घास गिळून म्हणाला, “तेव्हाचं तेव्हा बघू. निदान लग्न झालं होतं असं तरी म्हणता येईल.”

मी नाही म्हणू शकले असते का? म्हटलं होतं. एकदोनदा. दादानं वडलांना फोन लावून दिला आणि वडील म्हणाले, मी हाय तवर उरकून घे माय. पुढच्या कार्यक्रमाला मी पुन्हा वहिनीपुढं रंग लावून घ्यायला बसले.

दसऱ्यानंतर लातूरकडचं स्थळ आलं. मुलगा पुण्यात नोकरीला, बरोबर फक्त त्याची आई. अंगावर इरकल, कपाळावर विभूतीची बोटं, बोलणं मोकळं. इतक्या कार्यक्रमांमध्ये पहिल्यांदाच कुणी मला माझ्या कामाबद्दल विचारलं. न उगवलेल्या बियाण्याचं काय करता, असं. मुलगा फारसा बोलत नव्हता. पण तोही काही महिने हैदराबादला राहिला होता आणि आमच्या दोघांच्या ओळखीचा एक रस्ता निघाला. ट्रॅफिकवरून आम्ही दोघं थोडं हसलो. मी बेतानं हसले, ओठ ताणू न देता. त्याच्या आईनं माझा हात हातात घेतला आणि मनगटावर बोटं फिरवून बांगडीचं माप बघितलं. दादानं वहिनीकडं बघितलं. मला ते स्थळ हवं होतं. हे लिहायला लाज वाटते, पण हवं होतं.

दादानं चार कॉफ्या सांगितल्या होत्या. अक्का ट्रे घेऊन आली तेव्हा त्यावर पाच होत्या.

तिनं सगळ्यांपुढं पेस्ट्री ठेवली, मधे दिलपसंदची बशी ठेवली, चौघांपुढं कप ठेवले आणि पाचवा माझ्यापुढं ठेवला. वहिनी म्हणाली, “ही कॉफी घेत नाही. ॲसिडिटी होते हिला.”

“कोण, ही?” अक्का म्हणाली. “रोज येती की माझ्याकडं. एकावर भागत न्हाई हिचं.”

आणि ती तिथंच उभी राहिली. एरवी ती ट्रे ठेवला की निघून जायची.

मुलाची आई हसली. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. “घे की मग. आमच्यापुढं काय लाजायचं? आमच्या घरी बी कॉफीच असती.”

टेबलाखाली दादाचा बूट माझ्या पायावर आला आणि दाबत राहिला. वहिनी पेस्ट्रीकडं बघत होती. मी अक्काकडं बघितलं. तिनं नजर वळवली नाही. पहिल्या दिवशी बघितलं होतं तसंच ती बघत होती.

मी कप उचलला. तो माझ्या नेहमीच्या चवीचा होता, साखर कमी, अर्क जास्त. एक घोट घेऊन ठेवता आला असता, पण एक घोट आणि सगळी कॉफी यात आता फरक उरला नव्हता. मी सावकाश पूर्ण प्याले. मग कागदी रुमाल घेतला आणि तोंड पुसलं. रुमालावर माझ्या कातडीचा रंग आला. कपाच्या कडेलाही आला.

मुलाच्या आईचं हसू लगेच गेलं नाही. ते तोंडावर तसंच राहिलं आणि डोळे आधी बदलले.

“हे काय?”

“डाग आहे,” मी म्हटलं.

“लहानपणी भाजलं होतं,” दादा म्हणाला. “उकळतं दूध सांडलं.”

“कोड हाय का?” तिनं मलाच विचारलं. आवाज उतरवला नाही. बाजूच्या टेबलावरचं कुटुंब वळून बघायला लागलं.

मी हो म्हटलं.

“आनि कुठं कुठं हाय?”

दादा म्हणाला, एवढंच. मी म्हटलं, पायावर आहे, पाठीवर आहे. दादानं माझ्याकडं बघितलं. लहानपणी त्यानं मला विहिरीत ढकलायची भीती घातली होती, तेव्हासुद्धा त्याचे डोळे असे नव्हते.

ती बाई उठली नाही लगेच. आधी तिनं कागदी रुमाल घेतला आणि माझी बांगडी मोजलेला हात पुसला. एकेक बोट वेगळं करून पुसलं, अंगठ्याच्या बेचक्यातसुद्धा. मुलगा या सगळ्यात पेस्ट्री खात होता. त्यानं ती संपवली, चमचा बशीत नीट आडवा ठेवला, आणि माझ्यापुढं तशाच राहिलेल्या पेस्ट्रीकडं एकदा बघितलं. आई उठली तसा तो उठला.

जाताना ती दादाला म्हणाली, अगदी हळू आवाजात, जणू त्याच्या भल्याचं सांगते आहे. “तुमच्या घरात लहान लेक हाय ना? तिला कसं उजवताव तेच बघते आता.”

दादा अक्काला म्हणाला, “तुमाला काय करायचं होतं?”

“मी कॉफी दिली,” अक्का म्हणाली, आणि कप गोळा करायला लागली.

आम्ही घरी आलो. वहिनी मुलीला शाळेतून घेऊन आली आणि सरळ माझ्या खोलीत आली. मुलीला तिनं जिन्यातच थांबवलं. इतके दिवस ती माझ्या तोंडाला हात लावून रंग लावत होती. आता दारात उभं राहून म्हणाली, “ताई, तुमी तुमचं बघा. माझ्या लेकीच्या आड येऊ नका.” दादानं वडलांना फोन लावला, मला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. मग फोन माझ्याकडं दिला. मला वाटलं वडील रडतील किंवा शिव्या देतील. ते म्हणाले, “तू पिलीस कामून?”

मी फोन कट केला.

काही दिवसांनी, भर दुपारी, दुकानात कुणी नसेल अशा वेळी मी अक्काकडं गेले. ती पोळपाटावर पीठ लाटत होती. मी बसले नाही. विचारलं, मुद्दाम केलंत?

“मुद्दाम,” ती म्हणाली. लाटणं थांबवलं नाही. “त्या बाईनं तुझं मनगट धरलं तवा ठरिवलं.”

मी म्हटलं, मी काय तुमचं वाईट केलं होतं.

“तू न्हाई. पन तू बी तेच करायलीस जे माझ्यासंगं केलं. झाकून द्यायलीस.”

“माझ्या अंगावर डाग आहे, अक्का. मी भिंतीवर डोकं आपटत नाही. कुणाला मारत नाही.”

“ते तू म्हनायलीस. लहान हाय का मोठं, ते त्यानं ठरवायचं असतं.” तिनं पिठाची घडी घातली, वरून हात दाबला. “मला त्या वक्ताला कुनी सांगितलं असतं ना, एखाद्या चहावालीनं जरी, तर मी तिचे पाय धुतले असते.”

मी म्हटलं, मग मला आधी सांगायचं होतं, की तुम्ही असं करणार आहात.

“तुला सांगितलं असतं तर तू दादाला दुसरं हॉटेल बघायला लावलं असतंस.”

हे खरं होतं. तिचं बरंचसं बोलणं खरं होतं, आणि म्हणून मला तिचा तिथल्या तिथं गळा धरावासा वाटला. तिला वाचवायचं होतं ते त्या मुलाला, त्याच्या आईला, वीस वर्षांच्या स्वतःला. मला नाही. मी तिच्यासमोर रोज बसत होते आणि तिनं मला एकदाही मोजलं नव्हतं. मी म्हटलं, तुमच्या नवऱ्याचं दुखणं लपवलं त्यात त्याचा काय दोष होता, तो तर आजारी होता, आणि तुम्ही त्याच्या मरणाची वाट बघत गोळ्या दिल्या. हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. मी अंदाजानं बोलले. तिचे हात थांबले. मी बाहेर पडले.

स्थळं यायची थांबली. समाजात फोन फिरले असणार. दादानं मला वेगळी खोली बघून दिली, प्रयोगशाळेपासून जवळ पडेल म्हणून. सामान तोच टेम्पोत घालून घेऊन आला, पंखा लावून दिला, नळ तपासला, आणि दिवाळीला ये असं न म्हणता गेला. मी डाग झाकायचं सोडलं. त्यात शौर्य काही नव्हतं. झाकणारी उरली नव्हती आणि ज्यांच्यापासून झाकायचं त्यांना कळलं होतं.

कॉफीची तलफ मात्र राहिली. मी पुन्हा शोधायला निघाले. स्टेशनसमोर, बसस्टँडवर, नव्यानं निघालेल्या एका चकचकीत दुकानात, जिथं यंत्र होतं पण यंत्रात टाकायची कॉफी कधीची होती कुणास ठाऊक. कामानिमित्त पूर्णेला गेले तेव्हा रेल्वेत नोकरीला आलेल्या दक्षिणेकडच्या लोकांसाठी कुणी फिल्टर कॉफी करत असेल म्हणून विचारत फिरले. एका टपरीवाल्यानं अभिमानानं करून दिली. फेटलेली साखर, वर चॉकलेटची भुकटी. मी ती सगळी प्याले, कारण तो समोर उभा होता.

शेवटी मी अक्काकडं परत गेले. ते लिहिताना बरं वाटत नाही, पण झालं ते असं. हिवाळा होता, संध्याकाळची खेप निघाली होती, आणि गल्लीच्या तोंडाशी लोण्याचा वास आला. मी मागच्या टेबलावर बसले. तिनं न विचारता कॉफी आणि पफ आणून ठेवला. दुसऱ्या दिवशी गेले, तिसऱ्या दिवशी गेले. ती ठेवायची, मी प्यायचे, उठायचे. माफी कुणी मागितली नाही. मला वाटायला लागलं होतं की हे असंच चालू शकतं, दोन माणसं एकमेकांना क्षमा न करता एका खोलीत बसू शकतात.

दुकानात तेव्हा दुपारनंतर बायकांचा एक गट यायला लागला होता. आठवड्यातून एकदा भेटायचं, हसायचं, फोटो काढायचे. चांगलं गिऱ्हाईक. त्यांतल्या एकीनं बोट न दाखवता, नुसत्या भुवईनं बाकीच्यांना मला दाखवलं, ते मी बघितलं. तिनं अक्काला जवळ बोलावून काही विचारलं. अक्कानं माझ्याकडं बघितलं आणि होकाराची मान हलवली.

त्यानंतरच्या दिवशी माझी कॉफी कागदी कपात आली. आजूबाजूला सगळ्यांपुढं चिनी मातीचे कप होते.

मी विचारलं, हे काय.

“लोक बोलायलेत, माय,” अक्का म्हणाली. खाली वाकून, मला एकटीलाच ऐकू जाईल असं. “मला ठावं हाय, लागत न्हाई ते. पन त्यांला कोन समजावनार? मला दुकान चालवायचंय.”

मी म्हटलं, “तुम्हीच म्हणालात ना, खरं काय ते सांगावं माणसाला.”

“ते लग्नाचं,” ती म्हणाली. “हे धंद्याचं हाय.”

तिच्या तोंडावर लाज नव्हती. कीव होती थोडी, आणि घाई. बायकांच्या टेबलावर पेस्ट्र्या न्यायच्या होत्या. मी ती कॉफी प्याले. कागदाच्या कपात कॉफीला ओल्या पुठ्ठ्याची चव येते, तरीसुद्धा गावात दुसरीकडं कुठं मिळाली नसती एवढी ती चांगली होती. पफ खाल्ला. पापुद्रे ओठाला चिकटले, तसेच राहू दिले. बायकांच्या टेबलाजवळून जाताना मी एकीच्या कपाच्या कडेवरून बोट फिरवलं, सावकाश, तिच्या डोळ्यांत बघत. ती ओरडली नाही. तिनं कप दूर सरकवला. अक्कानं तो कप उचलला आणि दुसरा आणून ठेवला. पहिल्या कपाचं तिनं काय केलं ते बघायला मी थांबले नाही.

तेव्हापासून गेले नाही. दुकान चांगलं चाललं आहे. शेजारची खोलीही तिनं घेतली आहे, आणि बघण्याचे कार्यक्रम तिथंच होतात, पूर्वीपेक्षा जास्त. लातूरकडच्या त्या मुलाचं लग्न ठरलं ते गंगाखेडच्या मुलीशी, आणि तो बघण्याचा कार्यक्रमही अक्काकडंच झाला, असं प्रयोगशाळेतल्या एकीनं मला सांगितलं. मुलगी गोरीपान आहे म्हणे. तिनं कॉफी घेतली की नाही ते मी विचारलं नाही.

मी ऑनलाइन पितळी फिल्टर मागवला आहे. गवळी म्हशीचं दूध घालतो, तो पिशवी दाराच्या कडीला अडकवून जातो, हातात देत नाही. सकाळी अर्क उतरेपर्यंत मी ओट्याशी उभी राहते. कॉफी बरी होते. अक्कासारखी होत नाही.